मदत हवी आहे: प्रोलॅक्टिन ६८ आलंय, एमआरआय लगेच करू का?

रानजाई:
प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं हार्मोन) ६८ आलंय. डॉक्टरांनी पिट्युटरीचा, म्हणजे ते बनवणाऱ्या मेंदूखालच्या ग्रंथीचा, एमआरआय लिहून दिला, त्यानंतर त्या सुट्टीवर गेल्या. नेटवर बघावं तिकडे ट्यूमर. पाळी बंद आहे, डोकंही दुखतं. गोळीने जातं की ऑपरेशनच लागतं? पिट्युटरी काढली तर माणूस जगतो का? ज्यांना माहीत आहे त्यांनीच लिहा. 'काळजी करू नका' एवढंच नको.

कासव:
६८ कशाचे? नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असेल तर वाढलेलं आहे, बायकांत वरची मर्यादा साधारण २५ धरतात. काही लॅब मिलि-युनिट प्रति लिटरमध्ये देतात, तसं असेल तर ६८ काहीच नाही. आणि गर्भधारणेची चाचणी केलीत का?

रानजाई:
नॅनोग्रॅम. चाचणी निगेटिव्ह. एमआरआयचं सांगा ना कोणीतरी.

सुगरण:
मला याहून जास्त होतं. एमआरआयमध्ये ६ मिमीची गाठ दिसली. कॅबरगोलिन ही प्रोलॅक्टिन उतरवणारी गोळी आठवड्यातून दोनदा घेते, ऑपरेशन नाही. सुरुवातीला मळमळायचं, रात्री जेवणानंतर घेतली की सोसते. पाळी परत सुरू झाली. या गाठी जवळजवळ कधीच कर्करोगाच्या नसतात. विचार करत बसू नका, एमआरआय करून मोकळ्या व्हा.

शांतनिवांत:
सगळं ताणामुळे होतं. झोप सुधारा, फोन बाजूला ठेवा, आकडा आपोआप उतरेल. माझ्या वहिनींचा असाच उतरला.

कासव:
ताणाने, अगदी सुई टोचण्याच्या धसक्यानेही प्रोलॅक्टिन थोडं चढतं, हे खरं. पण पाळी बंद पडलेल्या बाईला 'झोप काढा' म्हणून परत पाठवू नका हो.

शांतनिवांत:
परत कुठे पाठवलं? सोबत करा म्हटलं.

निळावंती:
अवांतर होईल, पण पिट्युटरीचा विषय निघालाच आहे म्हणून. कोणाची अंगठी घट्ट होत असेल, चपलेचं माप वाढत असेल, दातांत फटी पडत असतील तर ग्रोथ हार्मोन तपासा. माझ्या काकांचं निदान फार उशिरा झालं. आयजीएफ-१ नावाची रक्तचाचणी असते. मुलांत हे हार्मोन वाढलं तर उंची वाढते, मोठेपणी हाडांची टोकं जुळलेली असतात म्हणून हातपाय आणि जबडा रुंदावतो.

रानजाई:
माझी अंगठी व्यवस्थित आहे. कृपया वेगळा धागा काढा.

वाटाड्या:
रानजाई, तीन गोष्टी सांगा. टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं हार्मोन) किती? कोणती औषधं चालू आहेत? छातीतून दूध किंवा पाण्यासारखं काही येतं का? थायरॉइड कमी असेल तर मेंदूतून टीआरएच नावाचं हार्मोन जास्त सुटतं आणि ते टीएसएचबरोबर प्रोलॅक्टिनही वाढवतं. त्यात पिट्युटरी सुजते, आणि एमआरआयमध्ये ती सूज गाठीसारखी दिसू शकते. म्हणून हे आधी बघायचं.

रानजाई:
टीएसएच २.१, नॉर्मल. हो, दाबलं की थोडं येतं, लिहायचं राहिलं. औषधं काही नाहीत. अ‍ॅसिडिटीची सकाळची गोळी तेवढी, ती तर कित्येक महिने चालू आहे.

निळावंती:
टीएसएच नॉर्मल म्हणून थायरॉइड ठीक असं नाही. टीएसएच पिट्युटरीच बनवते, तीच दबली असेल तर आकडा फसवतो. फ्री टी४, म्हणजे थायरॉइडच्या स्वतःच्या हार्मोनची चाचणी, करा.

वाटाड्या:
सहमत. पण ती अ‍ॅसिडिटीची गोळी कोणती? पाकिटावर डॉम्पेरिडोन लिहिलंय का बघा.

रानजाई:
पॅन्टोप्राझोल आणि डॉम्पेरिडोन. त्याचा काय संबंध?

वाटाड्या:
थेट संबंध आहे. प्रोलॅक्टिनवर डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा ब्रेक असतो, डॉम्पेरिडोन तो ब्रेक सोडतं. हे औषध मेंदूत फारसं शिरत नाही, पण पिट्युटरी मेंदूच्या त्या संरक्षक पडद्याबाहेर असते, त्यामुळे तिच्यावर पूर्ण परिणाम होतो. वाढलेलं प्रोलॅक्टिन एलएच आणि एफएसएच ही पाळी चालवणारी हार्मोन्स दाबतं, म्हणून पाळी थांबते. डॉक्टरांना विचारून किमान तीन दिवस गोळी बंद ठेवून पुन्हा तपासतात.

सुगरण:
आणि गाठ असली तर? मला आधी थायरॉइडच सांगत बसले, त्यात किती वेळ गेला! त्यांचं डोकंही दुखतंय.

वाटाड्या:
एमआरआय नकोच असं म्हणत नाही. आकडा उतरला नाही तर करायचाच. पण कडेचं दिसणं कमी झालं असेल तर एक दिवसही थांबू नका, कारण डोळ्यांच्या नसा या ग्रंथीच्या अगदी वरून जातात. रानजाई, कडेला धडका बसतात का?

रानजाई:
नाही, नजर चांगली आहे. पण ऑपरेशनचं कोणीच सांगितलं नाही.

कासव:
प्रोलॅक्टिनच्या गाठी बहुतेक गोळीनेच आवरतात. लागलंच ऑपरेशन तर नाकातून करतात आणि गाठ काढतात, ग्रंथी शक्यतो राखतात. ती पूर्ण निकामी झाली तरी कॉर्टिसोल, थायरॉक्सिन वगैरे हार्मोन्स बाहेरून देता येतं. माणूस जगतो.

रानजाई:
डॉक्टरांशी फोनवर बोलले. त्यांनी ही गोळी विचारलीच नव्हती. आता ती बंद करून प्रोलॅक्टिन पुन्हा, सोबत फ्री टी४. एमआरआय त्यानंतर ठरवू म्हणाल्या.

पाणकोंबडा:
मी रिस्पेरिडोन घेतो, माझंही प्रोलॅक्टिन वाढलंय. मीही तीन दिवस बंद करून बघू का?

वाटाड्या:
नाही! मनोविकाराचं औषध स्वतःहून एक दिवसही बंद करू नका. त्यानेही प्रोलॅक्टिन वाढतं, पण डोस कमी करायचा की औषध बदलायचं हे तुमचे मानसोपचारतज्ज्ञच ठरवतील. आज फोन करा त्यांना.

सुगरण:
रानजाई, नवा आकडा आला की इथे लिहा.