50 मीटर प्रोन: नवी 1903 की वापरलेली 1907?

प्रश्न: मुलगी पॉइंट टू टू (.22) रायफलने प्रोन, म्हणजे पोटावर झोपून नेमबाजी, खेळते. बजेटमध्ये ॲन्शुट्झ या जर्मन कंपनीची नवी 1903 किंवा वापरलेली 1907 रायफल बसते. अचूकता आणि पैसा दोन्ही पाहता कोणती घ्यावी?

उत्तर: 1907, पण बॅरल (नळी) तपासूनच. तिची 54 ॲक्शन (बोल्ट असलेला, गोळी भरून झाडणारा भाग) 1903 च्या 64 पेक्षा भक्कम आहे आणि पुढे विकताना किंमतही टिकते. चेंबरच्या (बॅरलमधली काडतूस बसायची जागा) कडेवर फायरिंग पिनचा (काडतुसावर आपटणारी पिन) खड्डा पडलाय का बघा. रिकाम्या चेंबरवर ट्रिगर ओढत राहिलं की तो पडतो, मग काडतूस अडकत बसतं. चेंबरच्या लगेच पुढे कार्बनचं काळं कडं दिसलं तर घाबरू नका, साफ होतं. गंजाने खाल्लेलं बॅरल मात्र फुकट मिळालं तरी घेऊ नका.

उत्तर: वरच्याशी सहमत. व्यवहाराआधी बेंचवर रायफल टेकवून एकाच लॉटच्या (एका खेपेत बनलेल्या) गोळ्यांनी दहा-दहा शॉटचे चार ग्रुप (एकाच नेमावरच्या शॉटचे पुंजके) मारून बघा. पाच शॉटच्या एका देखण्या ग्रुपवर भाळू नका. टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम 10.4 मिमी आहे. ग्रुप फाकला तर आधी ॲक्शनचे स्क्रू जोर मोजणाऱ्या टॉर्क रेंचने साधारण 5 न्यूटन-मीटरला आवळा, मग लॉट बदला. टेनेक्स ही गोळी महाग म्हणून ती प्रत्येक बॅरलला मानवेलच असं नाही. सेंटर-एक्स आणि आर50 या गोळ्या पण लावून बघा.

प्रश्नकर्ता: 1907 चा स्टॉक (दस्ता) लाकडी आहे, चालेल?

उत्तर: बिनधास्त. बट प्लेट (खांद्याला टेकणारा भाग) आणि चीकपीस (गाल टेकवायचा भाग) मुलीच्या मापाला येतात का, तेवढं पाहा. वाचलेले पैसे जुळलेल्या लॉटच्या गोळ्यांत घाला.