कोलकात्याची चिनी सभागृहं: सगळ्यांसाठी उघडावीत की समाजाकडेच राहू द्यावीत?

गल्लीबोळ (धागाकर्ता)

लालबाजारच्या पोलीस मुख्यालयाजवळ टिरेटा बाजार आहे. तिथल्या छातावाला गली, डॅमझेन लेन आणि ब्लॅकबर्न लेनमध्ये चिनी समाजाची जुनी सभागृहं उभी आहेत. साधारण रचना अशी: वर देऊळ, खाली क्लब. शहरात त्यांना 'चर्च' म्हणतात. सी इप १९०५चं, सी वोई १९०८चं, नाम सून तर थेट १८२०चं.

एकेकाळी हा समाज २० हजारांच्या घरात होता, आता २ हजारांच्या आसपास उरलाय. पोरं टोरांटोला गेली. टांग्रा या शहरातल्या दुसऱ्या चिनी वस्तीतल्या पेई मे शाळेत वर्ग भरत नाहीत. १९६९ साली सुरू झालेलं चिनी दैनिक करोनाकाळात बंद पडलं. रविवारी पहाटे पोद्दार कोर्टाजवळ बाओ (सारण भरून वाफवलेले चिनी पाव) आणि फिश बॉल सूप खायला गर्दी होते, पण साडेआठपर्यंत ती पांगते आणि शंभर पावलांवरच्या देवळात कुणी डोकावत नाही.

माझं म्हणणं: ही सभागृहं रीतसर सांस्कृतिक केंद्रं करावीत. ठरलेल्या वेळा, तिकीट, माहितीफलक, प्रशिक्षित वाटाड्या. नाहीतर पुढच्या पिढीत किल्ली कुणाच्या हातात द्यायची हाच प्रश्न पडेल.

पाटीपेन्सिल

सहमत नाही. ही सभागृहं नेमकी कुणाची, हे आधी बघा. सी इप म्हणजे दक्षिण चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातल्या चार तालुक्यांच्या लोकांचं, नाम सून नानहाय आणि शुंदेवाल्यांचं, तूंग ऑन दोंगग्वान-बाओआनकडच्यांचं. बंदरावर उतरलेल्या गाववाल्याला खाट, काम, उसने पैसे आणि मेल्यावर मूठमाती मिळावी म्हणून लोकांनी वर्गणी काढून ती बांधली. कँटनी सुतार, हक्का चांभार आणि चामडेवाले, हुबेईचे दातवाले, ज्याची त्याची बिरादरी वेगळी. बाहेरच्यांना संस्कृती दाखवणं हे त्यांचं काम कधीच नव्हतं.

दुसरं, १९६२. युद्धानंतर सुमारे ३ हजार चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत नेऊन ठेवलं. बाकीच्यांना पोलिसांत हजेरी लावावी लागे, शहराबाहेर जायला परवानगी काढावी लागे. त्यानंतरही जी जागा त्यांची स्वतःची राहिली, तिच्या दारात आपण तिकीटखिडकी लावा म्हणतोय.

आणि पूजा चालू आहे. क्वानयिन या करुणेच्या देवीपुढे कौल लावायची रीत बघा: बांबूच्या नळकांड्यात १०० काड्या असतात. गुडघ्यावर बसून, प्रश्न मनात धरून नळकांडं तिरकं हलवायचं, एकच काडी बाहेर पडेपर्यंत. दोन पडल्या तर परत आत. मग चंद्रकोरीसारखे दोन लाकडी ठोकळे टाकायचे. एक सपाट बाजूने आणि एक फुगीर बाजूने पडला तर होकार, दोन्ही फुगीर बाजू वर आल्या तर नकार, दोन्ही सपाट वर आल्या तर देव हसला, पुन्हा विचारा. होकार आला की काडीवरच्या आकड्याची चिठ्ठी काढायची. यात वेळ जातो आणि शांतता लागते. तीस जणांचा घोळका मागे मोबाईल घेऊन उभा असताना कौल कोण लावणार?

वाळवीशत्रू

भावना मान्य, पण इमारत भावनेवर उभी राहत नाही. या देवळांचं वैभव म्हणजे सोन्याचा वर्ख दिलेलं कोरीव लाकूड. त्याचे तीन शत्रू: उदबत्तीची काजळी, कोलकात्याची दमट हवा आणि वाळवी. काजळी तेलकट असते, तिच्यावर धूळ चिकटते. सणाआधी कुणीतरी उत्साहाने ओल्या फडक्याने पुसतं आणि तिथेच घात होतो. वर्ख सरसावर बसवलेला असेल तर पाणी लागताच सरस सुटतो आणि फडक्याबरोबर सोनंही निघून येतं. आधी मऊ ब्रशने कोरडी धूळ काढायची, ती खाली पडू न देता तोंडाला जाळी बांधलेल्या व्हॅक्यूमने ओढून घ्यायची. उरलेल्या काजळीसाठी कोपऱ्यात नखाएवढ्या जागेवर चाचणी केल्याशिवाय कुठलंही द्रावण लावायचं नाही. काम जाणकाराचं आहे आणि खर्च मोठा.

वाळवी तर छपरातून गळणाऱ्या पाण्यामागोमाग येते. आधी पन्हाळी दुरुस्त न करता नुसतं औषध मारलं तर दोन पावसाळ्यांत पुन्हा तेच. हा पैसा वर्गणीतून येणार नाही, सभासदच उरले नाहीत. तिकिटाला पर्याय सुचवा, मग विरोध करा.

पाटीपेन्सिल

पर्याय आधीपासून आहे. खालच्या मजल्यावर महजाँग हा चिनी सोंगट्यांचा खेळ चालतो. चार खेळाडूंचं एक टेबल, १४४ सोंगट्यांचा संच. टेबलामागे ठरावीक रक्कम सभागृहाला जाते, त्यातून वीजबिल आणि राखणदाराचा पगार निघतो. वरचं देऊळ खालच्या खेळावर चालतं. पर्यटकांसाठी तळमजला मोकळा करायचा म्हटलं तर पहिलं टेबल उचलावं लागेल, आणि रोज दुपारी येणारे म्हातारेही त्याच्याबरोबर जातील. ते आले नाहीत तर दाखवायला उरतं काय?

वाळवीशत्रू

महजाँगच्या पैशातून बिल भागतं, छप्पर नाही.

खालचा_मजला

दोघांनीही तळमजल्याकडे नीट बघावं. भाड्याने द्यायची खरी जागा तीच. सी वोईच्या तळमजल्यावर 'सेई वुई' रेस्टॉरंट सुरू झालं, वर देऊळ पूर्ववत. लोक जेवायला येतात, जिन्याने वर जाऊन नमस्कार करतात. तिकीट नाही, वाटाड्या नाही.

उलटं उदाहरण तूंग ऑनचं. तिथेही खाली नानकिंग होतं, १९२०च्या दशकातलं, एकेकाळी शहरातलं नामांकित चिनी हॉटेल. ते बंद पडलं, पुढे जागेच्या मालकीवरून वाद झाला आणि समोर कचऱ्याचा ढीग साचत राहिला. तेव्हा करारात तीन गोष्टी हव्यात: मुदत थोडी आणि नूतनीकरण समाजाच्या मर्जीवर, पोटभाडेकरू ठेवायला मनाई, आणि वरचा जिना कायम समाजाच्या ताब्यात. स्वयंपाकघराचा धूर वर जाणार नाही अशी वेगळी चिमणी सुरुवातीलाच बांधून घ्यावी. वर वर्खाचं लाकूड आहे, फोडणीची वाफ उदबत्तीपेक्षा वाईट.

माझगावकर

मुंबईचं उदाहरण देतो. माझगावात नवाब टँक रोडवरचं सी यूप कून हे १९१९चं देऊळ त्याच चार तालुक्यांच्या लोकांचं, म्हणजे कोलकात्याच्या सी इपचं भावंडच. तिथे ना केंद्र आहे ना तिकीट, तरी चिनी नववर्षाला रीघ लागते. छायाचित्रकारांची गर्दी मात्र इतकी होते की पूजेला आलेल्या म्हाताऱ्यांना वाट काढावी लागते. माझं मत पाटीपेन्सिल यांच्या बाजूने. सणाच्या दिवशी तरी बाहेरच्यांनी दुपारनंतरच जावं.

गल्लीबोळ

तिकिटाचा हट्ट मी सोडतो, दानपेटी पुरे. पण नोंदीचं काय? पाट्या, वर्गणीदारांच्या यादीचे फलक, घंटेवरचा मजकूर वाचणारे कमी होत चाललेत. उजेड एका बाजूने तिरका पाडून प्रत्येक पाटीचे फोटो घ्यायचे, म्हणजे झिजलेली अक्षरं सावलीमुळे उठून दिसतात. समोरून फ्लॅश मारला तर सोनेरी अक्षरं नुसती चकाकतात. वाचणारे आहेत तोवर हे व्हायला हवं आणि त्याला बाहेरचे हात लागणारच.

पाटीपेन्सिल

नोंदीला विरोध नाही. फक्त फोटोंची मूळ प्रत सभागृहाकडे राहावी आणि नावांच्या याद्या त्यांना विचारल्याशिवाय नेटवर टाकू नयेत. १९६२नंतर ज्यांच्या घरी पोलीस आले, त्यांच्या घराण्यांची नावं आहेत ती. आठवड्यातून एक सकाळ दार उघडं ठेवायलाही हरकत नाही, पण ती सकाळ कुठली हे त्यांनी ठरवावं. रविवारचा नाश्ता आपल्याला सोयीचा आहे म्हणून रविवारच, असं नको. नववर्षानंतरच्या रविवारी तर अख्खा समाज बजबजजवळच्या अछीपूरला तोंग अछी या बंगालात वसलेल्या पहिल्या चिनी माणसाच्या समाधीवर गेलेला असतो.

वाळवीशत्रू

चालेल. पण त्या सकाळी वर्खाच्या लाकडापासून हातभर अंतरावर दोरी हवीच, आणि दोरीचा खर्च दानपेटीतून.