तुसाची राख काँक्रीटमध्ये: घालावी की टाळावी?

राखाडी: माझं मत स्पष्ट आहे. भाताच्या तुसाची राख सिमेंटऐवजी 10-15 टक्के घालावी. जगाच्या कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा 7-8 टक्के आहे, पण तो मुद्दा जरा बाजूला ठेवू. सिमेंटमध्ये पाणी पडलं की ताकद देणाऱ्या गोंदाबरोबर विरलेला चुनाही तयार होतो, आणि तो नुसता बसून खातो. राखेतली सिलिका त्याला कामाला लावते आणि त्याच्यापासून आणखी गोंद बनवते. छिद्रं बुजतात, क्षार आत शिरायला वेळ लागतो, सळई उशिरा गंजते. मग अडतंय कुठे?

साईटवाला: गोणीत अडतंय. सिलिका 85-90 टक्के असेलही, पण भाजली कशी? 700 अंशांच्या वर रेंगाळली की तिचे स्फटिक बनतात, म्हणजे तुम्ही बारीक वाळू घातलीत. कमी जळली तर कोळसा उरतो. उघड्यावर पेटवलेल्या ढिगात दोन्ही प्रकार सापडतात. आजचे क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे, पास, पुढच्या गोणीचे नापास.

राखाडी: हा दोष जाळणाऱ्याचा, राखेचा नाही! वीजकेंद्रातल्या कोळशाची राख, म्हणजे फ्लाय अ‍ॅश चालते ना तुम्हाला?

साईटवाला: चालते, कारण तिचे कण गोल असतात, माल सैल पडतो. तुसाची राख स्पंजसारखी पाणी पिते. सुपरप्लास्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन, घातलं नाही तर कोणीतरी गुपचूप पाण्याची बादली ओततो, आणि तुमचा सगळा फायदा त्या बादलीत जातो.

चिपाडवाली: उसाच्या चिपाडाच्या राखेचं दुखणं वेगळं. तिच्यात वाळू असते, अर्धवट जळलेले तंतू असतात. चाळून, दळून घेतली तरच बोला.

नवखा: मग चिपाडाचे तंतूच घाला की, जाळायचं कशाला?

चिपाडवाली: त्यात साखर उरलेली असते. सिमेंटच्या वजनाच्या 0.05 टक्के साखरसुद्धा सेटिंग लांबवते. धुऊन घेतलेत तरी काँक्रीटचा सामू 12-13, त्या अल्कलीत तंतू हळूहळू कुजतात.

हिशेबी: भांडताय छान, पण माल किती आहे? 1 टन भातातून साधारण 200 किलो तूस निघतं, त्याची 40 किलो राख. म्हणजे टनभर राखेला 25 टन भात. शिवाय तूस काही पडून नसतं, ते बॉयलरला जातं.

राखाडी: बॉयलरमध्ये जाऊ द्या की. उष्णता त्यांना, राख आपल्याला. पण वाहतुकीचं मान्य. ही राख गिरणीच्या आसपासच वापरावी, लांब न्यायला परवडणार नाही.

साईटवाला: आता जमिनीवर आलात. प्रत्येक लॉटमध्ये न जळलेला कार्बन किती, त्याचा कागद दाखवा. आधी पेव्हर ब्लॉक करून बघू, कॉलमचं नंतर.

राखाडी: क्यूब 28 दिवसांनी फोडायचे की 56?

साईटवाला: दोन्ही. आणि तोवर पाणी मारायला विसरू नका.