थंडीत ॲक्सोलॉटलची अंडी पाठवायचीत

खारघरकर: नाशिकच्या मित्राला ॲक्सोलॉटलची (पाण्यात राहणारा सॅलमँडर, बेडकासारखा उभयचर) अंडी पाठवायचीत, तिकडे रात्री जाम गारठा असतो, बॉक्समध्ये हीट पॅक टाकू का?

ऐरोलीकर: अजिबात नको रे! त्यांना १६-१८ डिग्री मस्त मानवतं, गारव्यात वाढ मंदावते एवढंच, गोठली तरच मरतात, पण पाणी तापलं तर संपलंच. थर्माकोलचा बॉक्स घे, पिशवी काठोकाठ भर म्हणजे पाणी हिंदकळणार नाही. पांढरी पडलेली अंडी आधीच काढ, बुरशी पसरते. दोन-तीन आठवड्यांत फुटतात, म्हणून लवकर पाठव.

घोडबंदर_रोड: आणि हा प्राणी सायटीसच्या (वन्यजीव व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये आहे, म्हणून केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी दोघांचीही हवी, ते आधी बघा प्लीज.

खारघरकर: थँक्स, नोंदणीचं आजच विचारतो त्याला.