माळढोकाचं चित्र भिंतीवर, माळढोक कुठे?

ठसेवाली:
पक्षीनिरीक्षकांच्या एका गटात काल कुणीतरी लिहिलं, "पक्ष्यांची चित्रं छापून विकणं ही चित्रकारांची हौस, संवर्धन नव्हे. पैसे द्यायचे तर थेट द्या, मध्ये कागद कशाला?" खाली 'लाइक'च्या अंगठ्यांची रांग. उत्तर लांबलं, म्हणून हा धागा.

मी लिनोकट करते, म्हणजे लिनोलियमचा तुकडा कोरून, त्याला शाई लावून कागदावर ठसा काढते. यंदा माळढोक कोरला, गवताळ माळावरचा मोठा, आता क्वचितच दिसणारा पक्षी. डोक्यावरची काळी टोपी सोपी, तेवढा भाग न कोरता सोडायचा. पांढरी मान अवघड. लिनोत पांढरं म्हणजे कोरून काढलेलं, आणि एकदा काढलं की परत येत नाही. पाठीवरच्या नक्षीला अकरा दिवस गेले. प्रेस नाही, त्यामुळे शाईवर कागद ठेवून लाकडी डावाच्या पाठीनं घासते. ३० प्रती काढल्या, प्रत्येकी १२०० रुपये. कागद-शाईचे ९ हजार वजा करून उरलेले २७ हजार गवताळ माळांवर काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेला दिले.

प्रदर्शनात सोलापुरातच जन्मलेल्या एक बाई आल्या. माळढोकाचं अभयारण्य असलेलं नान्नज तिथून जवळच. त्यांनी विचारलं, "हा शहामृग का?" मी सांगितलं. त्या तिथेच खुर्ची ओढून बसल्या आणि तासभर ऐकत होत्या. थेट पैसे द्या म्हणणारा माणूस त्या बाईंपर्यंत कधी पोचला असता?

आणि अमेरिकेतलं डक स्टॅम्प बघा. १९३४ पासून बदकाचं चित्र असलेलं तिकीट विकतात, डॉलरमागे ९८ सेंट पाणथळ जागांसाठी जातात. त्यातून सुमारे ६० लाख एकर जमीन राखली गेली.

माळकरी:
ताई, कष्टांबद्दल आदर आहे, पण डक स्टॅम्पचं उदाहरण इथे चालत नाही. सोळा किंवा त्याहून जास्त वर्षांच्या शिकाऱ्याला ते तिकीट घ्यावंच लागतं, नाहीतर पाणपक्ष्यांची शिकार करता येत नाही. तिथे पैसा कायद्यामुळे येतो, चित्रामुळे नव्हे.

आमचं शेत नान्नजच्या बाजूला. लहानपणी बांधावर उभा राहून मी एकदम तीन माळढोक पाहिलेत. अभयारण्य १९७९ चं. पक्षी गेला तो लोकांना माहीत नव्हता म्हणून नाही. गवत गेलं, ऊस आला, विजेच्या तारा आल्या. अंगानं जड पक्षी, समोरचं कमी दिसतं, तार दिसेपर्यंत वळायला वेळ नसतो. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तारा जमिनीखाली घ्यायला सांगितलं, २०२४ मध्ये तो सरसकट आदेश मागे घेऊन समिती नेमली. खरी लढाई तिथे आहे. २७ हजारांत एक खांबसुद्धा हलत नाही.

ठसेवाली:
तिकिटाची सक्ती मी लिहायला हवी होती, ते मान्य. बाकी मान्य नाही.

लुईतकाठ:
गुवाहाटीत नोकरीला आहे, म्हणून इकडचं सांगतो. हरगिला, म्हणजे मोठा गरुड ढोक, इथे अपशकुनी मानायचे. परसातल्या कदंबावर घरटं झालं की घाण वासापायी झाडच तोडायचे. जीवशास्त्रज्ञ पूर्णिमादेवी बर्मन यांनी दादरा, पाचरियासारख्या गावांतल्या बायकांना एकत्र आणलं. त्या हरगिल्याचं डोहाळजेवण करतात आणि गामोशावर (आसामी पंचावर), साड्यांवर तोच पक्षी विणून विकतात. २०२२ मध्ये बर्मन यांना संयुक्त राष्ट्रांचा 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' पुरस्कार मिळाला. इथे पैशापेक्षा मान मोठा ठरला. जो पक्षी आपण स्वतः विणला, त्याचं झाड कोण तोडेल?

माळकरी:
पटलं. पण विणणाऱ्या बायका त्याच गावच्या, झाडंही त्याच गावची. ताईंचा ठसा पुण्यातल्या दिवाणखान्यात जातो. आमच्या गावात किती गेले?

खंड्या:
अवांतर आहे, पण विचारतोच. माळढोक आता सहज दिसत नाही, मग ठसा कशावरून कोरला? कुणाच्या फोटोवरून? स्वर्गीय नर्तक नावाच्या पक्ष्याचा माझा फोटो एकानं जसाच्या तसा रंगवून कापडी पिशव्यांवर छापला. "निसर्गासाठी आहे, पैसे कसले मागता?" असं वर ऐकवलं. त्या फोटोसाठी सहा पहाटे मी ओढ्यात बसलो होतो.

ठसेवाली:
तिघांचे फोटो समोर ठेवले, तिघांनाही विचारून. पक्ष्याची ठेवण माझी आहे. तुमच्यावर अन्याय झाला, पण त्याचा राग माझ्यावर काढू नका.

चष्मेवाला:
खंड्या, तुमच्या ओढ्याबद्दल माहीत नाही. पण आमच्या टेकडीवर स्वर्गीय नर्तकाच्या घरट्याभोवतीच्या फांद्या फोटोवाल्यांनी छाटल्या, घरटं उघडं पडलं. दोन दिवसांत शिक्र्यानं पिल्लं नेली. मी रिकामं घरटं पाहिलंय. चित्र काढणारा निदान फांदी तोडत नाही.

खंड्या:
सगळ्यांना एका माळेत ओवू नका. मी घरट्याचे फोटो बारा वर्षांपूर्वी सोडले.

चष्मेवाला:
म्हणजे त्याआधी काढत होतात.

खंड्या:
हो, काढत होतो. एकदा मीही फांदी बाजूला बांधली होती. परत सोडली, पण पक्षी त्या घरट्यावर आला नाही. अजून टोचतं. आता बास.

लुईतकाठ:
माणसानं कबूल केलंय, त्याला सोडा आता. मूळ प्रश्नावर येऊ या.

ठसेवाली:
माळकरी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: एकही नाही. तुमच्या गावात एकही प्रत गेली नाही. हे मला आधी सुचायला हवं होतं. त्या ३० प्रतींबाहेरच्या दोन चाचणी प्रती आहेत. शाळेसाठी पाठवते, पैसे नकोत.

माळकरी:
पाठवा. शाळेच्या व्हरांड्यात लावायला सांगतो. चित्रानं पक्षी वाचतो हे मला अजूनही पटलेलं नाही, तेवढं लक्षात असू द्या. आणि एक मागणं. तुमच्या ठशात माळ आहे, गवत आहे, आभाळ एकदम मोकळं. आमचं आभाळ तसं नाही. पुढच्या ठशात तारा कोरा.

ठसेवाली:
तारा काळ्या उमटायच्या तर केसाएवढी रेघ उभी ठेवून भोवतालचं सगळं आभाळ कोरून काढावं लागेल. जरा हात हलला की तार तुटते. महिना जाईल. तुमच्या शेतातून खांब कसे दिसतात, तेवढा एक फोटो पाठवा. उद्या नवीन लिनो कापते.