आयसीयूतला मॉनिटर सिस्टरला कळत नाही, की कळूनही उपयोग नाही?

वेव्हफॉर्म: अलार्म वाजला की पडद्याकडे न बघताच सायलेन्स दाबला जातो. कारण नेहमीचंच सांगतात, कामाचा ताण. मला हे पटत नाही. प्रोब (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, म्हणजे सॅच्युरेशन, मोजणारा बोटावरचा चिमटा) आणि बीपीचा कफ एकाच हाताला लावला, की कफ फुगताना बोटाचं रक्त थांबतं आणि सॅच्युरेशन खोटं घसरतं. दर 15 मिनिटांना बीपी लावलं असेल तर आठ तासांच्या पाळीत 32 वेळा! प्रोब दुसऱ्या हाताला लावणं एवढाच उपाय. हा ज्ञानाचा प्रश्न आहे.

तीनबेड_एकसिस्टर: दुसऱ्या हाताला आर्टिरियल लाइन (सतत बीपी मोजायला धमनीत घातलेली नळी) आणि सलाइन असेल तर? काही मॉनिटरमध्ये बीपी मोजताना सॅच्युरेशनचा अलार्म आपोआप थांबवायची सेटिंग असते, ती मेन्यूत पुरलेली. आणि मर्यादांचं काय? जुन्या सीओपीडीच्या (फुप्फुसांच्या दीर्घ आजाराच्या) रुग्णाला डॉक्टर सॅच्युरेशन 88 ते 92 टक्के ठेवायला सांगतात, मॉनिटरची खालची मर्यादा मात्र 90 वरच. दिवसभर बोंबलणारच. बऱ्याच ठिकाणी ती बदलायचा अधिकार सिस्टरला नाही. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने 2013 मध्ये अलार्मबद्दल इशारा दिला, तेव्हाही रुग्णालयांना अलार्मची व्यवस्थाच नीट लावायला सांगितलं होतं.

वेव्हफॉर्म: मर्यादांचं मान्य. पण वाजायला हवा तेव्हा अलार्म वाजतच नाही, त्याचं काय? बेड 10 सेंटिमीटर वर घेतला आणि ट्रान्सड्यूसर (आर्टिरियल लाइनचा दाब मोजणारा सेन्सर) स्टँडवर होता तिथेच राहिला, तर प्रेशर सुमारे 7.5 मिलिमीटर पाऱ्याने जास्त दिसतं. खरं मीन (सरासरी बीपी) 58, पडद्यावर 65. सगळे निश्चिंत, बीपी वाढवणारं नॉरअॅड्रेनलिन आहे तेवढंच. बेड हलला की ट्रान्सड्यूसर पुन्हा चौथ्या बरगडीखालच्या फटीच्या रेषेत, काखेच्या मध्यावर आणायचा. प्रेशर बॅग (लाइनच्या सलाइनवर दाब देणारी पिशवी) 300 वर आहे का तेही बघायचं, नाहीतर लाइनमध्ये रक्त मागे येतं, वेव्ह चपटी होते.

केबलवाला: बायोमेडिकलच्या बाजूने एक भर. ईसीजीच्या वायरी दोन रंगसंगतींत येतात. अमेरिकन केबलमध्ये उजव्या खांद्याला पांढरी, लाल डाव्या पोटाला. युरोपियनमध्ये उजव्या खांद्यालाच लाल! एकाच आयसीयूत दोन्ही सापडतात. रंग पाठ करून युरोपियन केबल अमेरिकन पद्धतीने लावली तर लीड टू (पडद्यावर सहसा दिसणारी ईसीजीची रेघ) चालतो दोन्ही पायांच्या जागांमध्ये. लाट अगदी बुटकी, कधीकधी असिस्टोलचा (हृदय थांबल्याचा) अलार्मसुद्धा. म्हणून रंग नाही, वायरीवरचं अक्षर वाचायचं. जेल सुकलेले इलेक्ट्रोड रोज बदला, त्वचा पुसून कोरडी करा. मॉनिटर दुरुस्तीला पाठवण्याआधी एवढं तरी.

तीनबेड_एकसिस्टर: हे सगळं बरोबर. पण शिकवतं कोण? मॉनिटर बसवला त्या दिवशी कंपनीचा माणूस येतो, सकाळपाळीला अर्धा तास बटणं दाखवतो, हजेरीच्या कागदावर सह्या घेतो. ट्रान्सड्यूसरची पातळी त्यात नसते, आणि रात्रपाळी तेव्हा घरी झोपलेली असते.

वेव्हफॉर्म: मग पाळी बदलताना बेडपाशी उभं राहून तीनच गोष्टी बघा: ट्रान्सड्यूसरची पातळी, अलार्मच्या मर्यादा, प्रोब कुठल्या हाताला. दोन मिनिटं लागतात.

तीनबेड_एकसिस्टर: तीन बेडना सहा. तेवढा वेळ ड्युटीच्या तक्त्यात दाखवा, मग बोलू.