मदत हवी आहे: भाचा अमेरिकेत गोठलेल्या तळ्यावर आइसबोट चालवतोय, काय काळजी घ्यायला सांगू?

विजयदुर्गकर:
नमस्कार मंडळी. माझा भाचा विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनला शिकायला आहे. तिथलं मेंडोटा तळं गोठलं की त्यावर शिडाच्या आइसबोटी चालतात, यंदा तोही त्या नादाला लागलाय. व्हिडिओ पाहून बहिणीच्या पोटात गोळा आला. फोन तिने मला केला, कारण वडिलांबरोबर वाघोटन खाडीत शिडाची होडी मी चालवलेली आहे. वारा मला कळतो, बर्फाचं काही कळत नाही. त्याला 'बंद कर' म्हणायचं नाहीये. पोराला वाऱ्याची ओढ लागली याचा मला आनंदच आहे.

बोट डीएन जातीची आहे. 12 फूट लांब, 60 चौरस फुटांचं शीड, एकट्याने मागे रेलून चालवायची. आराखडा 1936-37 च्या हिवाळ्यात डेट्रॉइटमध्ये तयार झालेला, इतकी वर्षं पारखलेला, त्यामुळे बोटीची मला धास्ती नाही. धास्ती वेगाची आहे. आपल्याकडे झोत आला की होडी कलते आणि पाणी तिला धरून ठेवतं. तिथे खाली तीन पोलादी पाती, धरणारं काहीच नाही. वेग वाढला की समोरून लागणारा वारा वाढतो, त्याने वेग आणखी वाढतो, आणि बोट वाऱ्याच्या तिप्पट-चौपट पळते. वारा पाठीमागून असतानाही त्याचं शीड आत ओढलेलं दिसतं ते याचमुळे.

व्हिडिओ एका जागी मी परत परत पाहिला. वाऱ्याकडचं पातं बर्फापासून वीतभर उचललंय, आणि शिडाची दोरी त्याने मनगटाला वेढा देऊन धरलीय! दोरी मुठीतच हवी, झोत आला की ढिली सोडता आली पाहिजे, हे त्याच रात्री सांगितलं. पुढचं मला सांगता येत नाही. तो म्हणतो, चार इंच बर्फ असला की झालं. खरं का? पातळ बर्फ कुठे असतो? आणि पाण्यात गेलाच तर?

रत्नागिरी ते मिनेसोटा:
दादा, दोरीचं अगदी बरोबर सांगितलंत. चार इंच हा आकडा पायी चालणाऱ्या माणसाचा, तोही नव्या, पारदर्शक बर्फावर. हिम मिसळून पांढरा झालेला बर्फ असेल तर ताकद निम्मीच धरायची. आणि एका जागी भोक पाडून मोजलं म्हणजे तळं मोजलं असं होत नाही. मेंडोटात याहारा नदी येते आणि बाहेर पडते. ती तोंडं, झरे, बदकं बसतात तिथलं उघडं पाणी, यांपासून लांब राहायचं. मोठ्या तळ्यात बर्फ एकमेकांवर रेटून उंचवटे येतात, त्यांच्या कडेला पाणी असू शकतं, आणि त्या वेगात ते दिसेपर्यंत उशीर होतो. शीड चढवण्याआधी, त्या दिवशी बर्फ पायी तपासून आलेल्या जुन्या लोकांना विचारायचंच. मार्चमधल्या बर्फाच्या जाडीवर जाऊ नये, तो आतून सुटा झालेला असतो.

पाण्यात गेलाच, तर पहिलं मिनिट फक्त श्वास सांभाळायचा. गार पाण्याने धाप लागते आणि तेव्हाच नाकातोंडात पाणी जातं. पुढची साधारण दहा मिनिटं हातपाय ऐकतात. जिकडून आला तिकडेच वळायचं, त्या बर्फाने त्याला पेललं होतं. आइस पिक, म्हणजे टोकाला खिळा असलेल्या दोन मुठी, बर्फात रोवून, पाय मारत पोटावर वर यायचं आणि उभं न राहता लोळत लांब जायचं. त्या मुठी गळ्यातच हव्यात. हेल्मेट, लाइफ जॅकेट, बुटांना खिळे, फेकायची दोरी. एकट्याने कधीही जायचं नाही.

थांबताना बोटीचं नाक वाऱ्याकडे. उतरल्यावर शीड मोकळं सोडून पुढचं पातं आडवं करायला सांगा, रिकामी बोट सुटली तर समोरच्या माणसाचे पाय जातात.

विजयदुर्गकर:
फार फार आभार. लगेच फोन केला. आइस पिक आहेत, पण बॅगेत! गळ्यात घालायचं कबूल केलंय. आणखी एक विचारतो: बाहेर आल्यावर ओल्या अंगाने काठ गाठायचा कसा? कोरडे कपडे बोटीतच बांधून ठेवावेत का? आणि ड्रायसूट, म्हणजे आत पाणी येऊ न देणारा अंगभर पोशाख, वापरलेला घेतला तर चालतो का, की गळका निघायची भीती? पैसे पाठवायला बहीण तयार आहे, काय घ्यायचं तेवढं सांगा.